लॉफ्टला मराठी शब्द

निमेश छाजेड आला तेव्हा मी एक लग्नपत्रिका जुळवत होते,
मुलाकडच्यांना मामाचं नाव तिसऱ्या ओळीतून दुसरीत हवं होतं.
त्याने पेनड्राइव्ह ठेवला. ताई, गुळगुळीत मराठी करून द्या,
बावीस पानं, शनिवारपर्यंत.
आग्रा रोडमागची ती जुनी जिनिंग माहीत आहे ना?
खाली शोरूम, मधे ऑफिसं, वर लॉफ्ट.

लॉफ्टला काय लिहू?
माझ्याकडे एकच शब्द तयार होता : माळा.
माळ्यावर जातं ते, जे टाकवत नाही नि लागतही नाही.
काड्या मोडलेला आकाशकंदील, बाळंतिणीची शेगडी,
कळण्याच्या पिठाचा रिकामा डबा,
दादांनी छापखाना मोडला तेव्हाचे शिशाचे खिळे, पोतंभर.
निमेश हसला. माळा नको ताई,
माळा म्हटलं की उंदीर आठवतो.
बासष्ट लाखांत उंदीर कोण घेईल?

मी लिहिलं, उंच छताचं घर. खोडलं.
नभनिवास. तेही खोडलं, एकटीच हसत.

दुपारी बघायलाच गेले.
हिलाल मिस्तरी विटांवरचा चुना खरवडत होता,
आयुष्यभर गिलावा लावला, आता काढायचे जास्त मिळतात.
वर सागवानी कैच्या, मान मोडेल इतक्या उंच.
'हाई उंची माणसेसकरता नही व्हती बहीन,
कापूसकरता व्हती.'
दिवाळीनंतर ढीग छताला टेकायचा.
त्याची आई पायथ्याशी बसून कवडी-कचरा वेचायची,
संध्याकाळी घरी यायची ती पांढऱ्या भुवया घेऊन
आणि खोकत.
एवढं बोलून त्याने ब्रश पुन्हा उचलला.
कैचीतून एक पुंजका सुटला,
खाली यायला त्याला बराच वेळ लागला.
मी वहीत लिहिलं : भरपूर मोकळी हवा.
इंग्रजी पानावरही तेच होतं.

वजनकाट्याच्या जागी स्वागतकक्ष येणार.
काटा ठेवणार आहेत, पॉलिश करून, लोक फोटो काढतील.
मी त्यावर उभी राहिले. काटा हलला नाही.
'पहिले बी शेठ सांगे तव्हयच हाले,' मिस्तरी म्हणाला.

रात्री शटर ओढलं नि जिना चढून घरी आले.
अकरा पायऱ्या, नवव्या पायरीला डोकं वाकवायचं.
गल्ली नंबर सहामध्ये सगळे असेच राहतात.
रफिक कल्हईवाला भांड्यांच्या वर निजतो,
कवळीवाल्या डॉक्टरांच्या खुर्चीवर बरोबर त्यांचं देवघर येतं.
खालचा वास वर, वरचं भांडण खाली,
गिऱ्हाईक आलं की जिन्यात हाक.
याला कुणी नाव दिलं नव्हतं.
चौदाव्या पानावर होतं : मिश्र वापर,
नव्या जीवनशैलीचा आरंभ.
ते मी काढून टाकलं, आणि तिथे टाईप केलं
खाली दुकान, वर घर.

निमेशला इतकं आवडलं की त्याने ते मुखपृष्ठावर घेतलं,
सोनेरी अक्षरांत.
कुठून सुचतं हो ताई तुम्हाला?
मी वर बोट दाखवलं.
त्याला वाटलं, देवाकडे.

लॉफ्ट शेवटी लॉफ्टच राहिला,
बावीस पानांत एक्केचाळीस वेळा,
प्रत्येक वेळी डोक्यावरचा चंद्र तपासून.
बिलात मुखपृष्ठाचे वेगळे धरले नाहीत.
एक प्रत बाजूला ठेवली, मिस्तरीने मागितली होती.
नवव्या पानावर त्याची भिंत आहे, उघडी, लाल,
आणि विटांच्या सांध्यात एक पांढरा ठिपका.
छपाईचा दोष असेल म्हणून नखाने खरडून पाहिला.
गेला नाही.